मुक्या जनावराचे पोट आणि आपली सचोटी

भालकी, हुमनाबाद, औराद, आळंद अशा कोणत्याही तालुक्याच्या गावी बाजाराच्या दिवशी पेंडीच्या दुकानापुढे घटकाभर उभे राहावे. सरकी, शेंगदाण्याची पेंड, तुरीची चुणी, मक्याचा भरडा ही पोती तर असतातच. पण त्यांच्या शेजारी आता लहान लहान पिशव्या व डबेही दिसू लागले आहेत. कोणावर गाईचे चित्र असते, कोणावर कोंबडीचे. "नैसर्गिक", "वनस्पतिजन्य", "आतड्यांच्या आरोग्यासाठी" असे शब्द त्यांवर ठळक छापलेले असतात. आत ओवा, हळद, सुंठ, लसूण यांची भुकटी असते, किंवा ताकातल्यासारखे उपयोगी जंतू, नाहीतर यीस्ट. हे खुराकात थोडेसे मिसळावे, म्हणजे जनावराचे पोट चांगले राहील, असे सांगण्यात येते.

आता वाचक विचारतील की हा विषय जनावरांच्या डॉक्टरांचा. आपल्या मासिकात तो कशासाठी? कोणती पिशवी घ्यावी हे सांगण्याचा आमचा अधिकार नाही व हेतूही नाही. परंतु जो जीव आपल्या हातून खातो, ज्याला दुसऱ्या गव्हाणीकडे जाता येत नाही आणि काय घातले हे विचारताही येत नाही, त्याच्या तोंडात आपण काय घालतो व कशासाठी घालतो, हा प्रश्न केवळ धंद्याचा राहत नाही. तो सचोटीचा प्रश्न होतो. मंडळीतील पुष्कळ कुटुंबांकडे आजही दोन म्हशी, चार शेळ्या, दहा कोंबड्या आहेत. ज्यांच्याकडे नाहीत ते दूध आणि अंडी विकत घेतात. म्हणून या प्रश्नापासून कोणीच सुटत नाही.

आपला हा मुलूख

बिदर व कलबुर्गी हे जिल्हे पूर्वी निजामाच्या राज्यात होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार प्रांत झाले, तेव्हा जुन्या बिदर जिल्ह्याचे तुकडे झाले. उदगीर, निलंगा, अहमदपूर तिकडे गेले आणि बिदर, भालकी, हुमनाबाद, औराद इकडे म्हैसूर राज्यात आले. माणसांची कागदपत्रे बदलली, पण जनावरांना सीमा कळत नाही. देवणी गाय लातूरच्या देवणीच्या नावाने ओळखली जाते, तरी बिदर जिल्ह्याच्या गोठ्यांतही ती पिढ्यान् पिढ्या बांधलेली आहे. वानेरा, बाळंक्या, शेवरा हे तिचे तीन रंगभेद इकडच्या लहान मुलालाही सांगता येतात. दूधही देते आणि तिचे खोंड औताला चालतात, म्हणून ती गरिबाची गाय ठरली. कलबुर्गीची तूर तर सर्वत्र प्रसिद्ध आहे. त्या तुरीची डाळ माणसाच्या ताटात जाते आणि चुणी व भूस जनावराच्या गव्हाणीत. ज्वारीचे दाणे आपण खातो, कडबा बैल खातो. एकाच शेतातून दोघांचेही पोट भरते, ही या मुलखाची जुनी रीत आहे.

बिदर येथेच कर्नाटकाचे पशुवैद्यकीय, पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठ २००५ साली सुरू झाले आणि हल्लीखेडजवळ कट्टीतुगाव येथे देवणी जातीसाठी त्याचे केंद्र आहे. म्हणजे जनावरांविषयीची आजची विद्या आपल्या दारात आहे. ती विद्या काय सांगते हे थोडक्यात पाहिल्यावाचून नीती-अनीतीची चर्चा करणे बरे नव्हे.

पोटातील अदृश्य कळप

गाईच्या पोटाचे चार कप्पे असतात: कोठीपोट, जाळीपोट, पडदेपोट आणि खरे पोट. त्यांतील कोठीपोट सर्वांत मोठे. मोठ्या गाईच्या कोठीपोटात शंभर लिटरांच्या आसपास माल मावतो. गाय कडबा खाते, पण कडबा पचविण्याचे सामर्थ्य गाईच्या स्वतःच्या अंगात नाही. ते काम कोठीपोटात राहणारे सूक्ष्म जंतू करतात. तेथील रसाच्या एका थेंबात ते कोट्यवधी असतात. ते कडबा आंबवितात, त्यातून जी आम्ले निघतात त्यांतून गाईला लागणाऱ्या शक्तीचा सुमारे ७० टक्के भाग मिळतो. पुढे ते जंतूच खऱ्या पोटात उतरतात व पचून जातात. गाईला लागणारी प्रथिनेही बऱ्याच अंशी त्यांच्यापासूनच मिळतात. म्हणून जाणते लोक म्हणतात की आपण गाईला चारत नाही, गाईच्या पोटातील कळपाला चारतो. आणि तो कळप गाईला पोसतो.

या कळपाला एकदम झालेला बदल सोसत नाही. लग्नघरचा उरलेला भात, पोळ्या, बुंदी कौतुकाने गाईपुढे ओतली जाते. कारहुणवीला बैलाला पुरणपोळी भरविताना हात आखडता घेतला जात नाही. घासभर दिल्याने काही होत नाही. पण पाटीभर धान्य अचानक पोटात गेले, तर ते झपाट्याने आंबते, आम्ल वाढते, चांगले जंतू मरतात, रवंथ थांबते, आणि सकाळपर्यंत धडधाकट जनावर आडवे होते. येथे विष कोणी घातले नाही. घातले ते प्रेमानेच. परंतु ज्याला चारावयाचे त्याचे पोट कसे आहे हे समजून न घेता केलेले प्रेम त्याच्या जिवावर उठले.

कोंबडीची गोष्ट निराळी, पण तितकीच बोधप्रद आहे. घरची कोंबडी पिलांना घेऊन उकिरडा उकरते, तेव्हा पिले दाण्यांबरोबर आईच्या पोटातील चांगले जंतूही उचलतात. यंत्रात उबविलेल्या पिलांना आई भेटतच नाही. त्यांचे आतडे रिकाम्या घरासारखे असते आणि पहिला येणारा चोर त्यात शिरतो. १९७३ साली फिनलंड देशातील नुर्मी व रंटाला या शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की नुकत्याच जन्मलेल्या पिलांना मोठ्या कोंबडीच्या आतड्यातील जंतू दिले, तर साल्मोनेला हा रोगजंतू त्यांच्यात सहजासहजी ठाव धरीत नाही. आज "उपयोगी जंतू" म्हणून जे खुराकात मिसळतात, त्यामागील एक मोठा विचार हा आहे. आई देत होती ते आपण काढून घेतले, आणि आता त्याची भरपाई करीत आहोत.

वाढीचे औषध आणि त्याची किंमत

ही भरपाई करण्याची गरज आजच इतकी का वाटू लागली, हे समजण्यास थोडा इतिहास पाहावा लागतो.

१९४८ च्या सुमारास अमेरिकेतील लेडर्ली या औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत थॉमस ज्यूक्स व रॉबर्ट स्टोकस्टॅड हे कोंबडीच्या पिलांसाठी ब१२ जीवनसत्त्वाचा स्वस्त पुरवठा शोधीत होते. ऑरिओमायसीन हे औषध तयार करताना उरणारा चोथा त्यांनी पिलांना घातला. पिले अपेक्षेपेक्षा अधिक वाढली. हा गुण केवळ जीवनसत्त्वाचा नसून चोथ्यात राहिलेल्या औषधाचाही आहे, असे पुढे दिसून आले. तेव्हापासून रोग नसतानाही, केवळ वजन लवकर वाढावे म्हणून, प्रतिजैविक औषधे थोडी थोडी रोजच्या खाद्यात मिसळण्याची पद्धत जगभर पसरली. स्वस्त मांस, स्वस्त अंडी मिळू लागली, हे खरे आहे आणि ते नाकारू नये.

परंतु १९४५ सालीच पेनिसिलिनचे शोधक अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी नोबेल पारितोषिक स्वीकारताना इशारा दिला होता की औषध अपुऱ्या प्रमाणात दिले, तर जंतू मरत नाहीत, ते औषधाला तोंड द्यावयास शिकतात. खाद्यात रोज चिमूटभर औषध घालणे म्हणजे जंतूंची शाळा भरविण्यासारखेच होते. १९६९ साली ब्रिटनमध्ये स्वान यांच्या समितीने सांगितले की माणसांच्या उपचारासाठी लागणारी औषधे जनावरांच्या वाढीसाठी वापरू नयेत. स्वीडनने १९८६ मध्ये वाढीसाठी होणारा हा वापर बंद केला. युरोपीय संघात १ जानेवारी २००६ पासून तो पूर्ण बंद झाला.

आपल्या देशाशी याचा संबंध कॉलिस्टिन या औषधाने जोडला गेला. इतर सर्व औषधे हरली म्हणजे दवाखान्यातील अत्यवस्थ रोग्याला शेवटचा उपाय म्हणून जी थोडी औषधे देतात, त्यांपैकी हे एक. हेच औषध कोंबड्यांच्या खाद्यात वजन वाढविण्यासाठी घातले जात होते. नोव्हेंबर २०१५ मध्ये चीनमधील शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केले की कॉलिस्टिनला न जुमानण्याचा गुण आता एका जंतूकडून दुसऱ्याकडे सहज जाऊ शकतो, आणि तो डुकरांमध्ये, मांसात व माणसांतही सापडला आहे. जुलै २०१९ मध्ये भारत सरकारने खाण्यासाठी पाळल्या जाणाऱ्या जनावरांकरिता व त्यांच्या खाद्याकरिता कॉलिस्टिनचे उत्पादन, विक्री व वाटप यांवर बंदी घातली.

येथे नीतीचा प्रश्न स्पष्ट उभा राहतो. ज्याने खाद्यात औषध मिसळले त्याने कोणाला मारले नाही. त्याचे पक्षी वाढले, त्याने ते विकले, कर्ज फेडले. पण त्या औषधाची ताकद ज्या दिवशी संपेल, त्या दिवशी कोठे तरी दूरच्या शहरातील दवाखान्यात, नऊ दिवसांच्या तापाने फणफणलेल्या एखाद्या बाळाच्या आईला डॉक्टर सांगतील की आता देण्यासारखे काही उरले नाही. त्या दोघांची कधी भेट होणार नाही. आपला शेजारी कोण, या जुन्या प्रश्नाचे हे नवे रूप आहे: ज्याला आपण कधी पाहणार नाही, तोही शेजारीच.

औषध देणे हे पाप नव्हे, हेही येथेच सांगितले पाहिजे. आजारी जनावराला औषध न देता तळमळत ठेवणे ही दया नव्हे. डॉक्टरांनी सांगितलेले औषध पुरेपूर द्यावे. आणि ते दिल्यावर किती दिवस दूध विकू नये हे औषधाच्या वेष्टनावर लिहिलेले असते, ते पाळावे. दुखणे बरे करण्यासाठी दिलेले औषध आणि दुखणे नसताना फायद्यासाठी दिलेले औषध, यांत जो फरक आहे तोच येथे लक्षात घ्यावयाचा.

"नैसर्गिक" या शब्दाची परीक्षा

तर मग प्रतिजैविकांऐवजी ओवा, हळद, लसूण घालावी, म्हणजे प्रश्न मिटला, असे पुष्कळांना वाटते. वाटते तितके ते सोपे नाही.

प्रथम हे ध्यानात घ्यावे की पेनिसिलिन बुरशीपासून निघाले, ऑरिओमायसीन मातीतील जंतूपासून, आणि कॉलिस्टिनही जंतूपासूनच. ही सर्व औषधे निसर्गाचीच लेकरे आहेत. उलट, निसर्गातील सर्वच काही जिवाला हितकारक आहे असेही नाही. पाऊस ताणल्यावर फुटलेली कोवळी ज्वारी जनावराने खाल्ली की किराळ लागते आणि काही मिनिटांत ते दगावते, हे आपल्या मुलखातील प्रत्येक शेतकरी जाणतो. ते विष कोणत्याही कारखान्यात झालेले नसते.

बुरशीचे उदाहरण तर याहून बोलके आहे. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी कशाने मेले हे कोणाला कळेना. शेवटी शोध लागला की त्यांच्या खाद्यातील भुईमुगाच्या पेंडीला बुरशी आली होती व त्या बुरशीने अफ्लाटॉक्सिन हे विष तयार केले होते. १९७४ साली राजस्थानातील बांसवाडा व गुजरातमधील पंचमहाल या जिल्ह्यांत बुरशी आलेला मका खाऊन शंभरावर माणसे कावीळ होऊन मेली. १९९५ मध्ये आपल्याच दख्खनच्या पठारावर, अवकाळी पावसात भिजून बुरशी धरलेली ज्वारी व मका खाल्ल्याने कित्येक खेड्यांतील लोकांना पोटदुखी व जुलाब झाले. या साऱ्या गोष्टी पूर्णपणे नैसर्गिक होत्या.

तेव्हा वस्तू झाडापासून आली की कारखान्यातून, या कसोटीने चांगले-वाईट ठरत नाही. ओव्याचेच पाहा. ओव्यात थायमॉल असते. ते जंतू मारते, म्हणून तर पोटदुखीवर ओवा गुणकारी. परंतु जे जंतूंना मारते ते शत्रू-मित्र पाहून मारीत नाही. प्रमाण फार झाले तर कोठीपोटातील उपयोगी कळपालाही त्याची झळ लागते. बाभळीच्या शेंगा शेळ्या आवडीने खातात. त्यांतील तुरट द्रव्य थोडे असले तर बरे, फार झाले तर अन्नातील प्रथिने अंगी लागत नाहीत. खुराकात लसूण फार झाला तर दुधाला वास येतो. वेगवेगळ्या ठिकाणी केलेल्या प्रयोगांत या पदार्थांचे फळ कधी चांगले दिसले, कधी काहीच दिसले नाही. म्हणून "नैसर्गिक आहे, अपाय होणारच नाही" असे ठामपणे सांगून विकणारा मनुष्य खोटी साक्ष देतो. आणि आपण पारखून न घेता ते चार लोकांत पसरविले, तर त्या साक्षीत आपलाही वाटा पडतो.

याचा अर्थ आजीबाईच्या बटव्याची थट्टा करावी असा नाही. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने जुन्या वनस्पती-उपायांकडे आदराने पाहिले आहे. कासदाहावर कोरफड, हळद व चुना यांचा लेप, पोटफुगीवर आले, लसूण, जिरे, मिरी, हळद, गूळ, विड्याची पाने यांचे मिश्रण, असे उपाय प्रमाण ठरवून, पद्धत लिहून दूध उत्पादकांपुढे ठेवले आहेत. बेंगळुरूच्या राष्ट्रीय पशुपोषण व शरीरक्रियाशास्त्र संस्थेने वनस्पतींतील तुरट द्रव्यांपासून "हरित धारा" नावाचे पूरक खाद्य तयार केले. त्याने जनावरांच्या पोटातून निघणारा मिथेन वायू १७ ते २० टक्के कमी होतो, असे त्या संस्थेचे म्हणणे आहे. तेच तुरट द्रव्य फार झाले तर घातक आणि मोजून दिले तर उपयोगी. जुन्या ज्ञानाला मान द्यावा, पण त्याला तराजूतून सूट देऊ नये. आणि नव्या ज्ञानालाही तोच तराजू लावावा.

झाकणारा उपाय

येथपर्यंत आपण पिशवीत काय आहे याचा विचार केला. याहून खोल प्रश्न असा की पिशवीची गरज का पडली?

गोठा ओला आहे, शेण दोन दोन दिवस निघत नाही, पाण्याच्या टाकीला शेवाळ आले आहे, एका खोलीत मावतील त्याच्या दुप्पट पक्षी कोंडले आहेत. जनावराला हगवण लागते. पूर्वी तेथे प्रतिजैविक घातले जाई. आज त्याच ठिकाणी वनस्पतीची भुकटी घातली जाते. पिशवी बदलली, पण जनावर त्याच घाणीत उभे आहे. अशा वेळी उत्तम प्रतीचे, शंभर टक्के नैसर्गिक द्रव्यसुद्धा आपला दोष झाकण्याचे साधन होते. डेन्मार्कमध्ये वाढीची औषधे बंद केली तेव्हा कोंबडीच्या धंद्याचे फारसे नुकसान झाले नाही. परंतु नुकत्याच आईपासून तोडलेल्या डुकराच्या पिलांत हगवण काही काळ वाढली. त्या पिलांना इतक्या लवकर आईपासून तोडले जात होते, हे दुखणे औषधाने झाकलेले होते. औषध काढताच ते दिसू लागले.

आपल्या घरातील एक उदाहरण घेऊ. वासराच्या आतड्यासाठी सर्वांत मोलाचे द्रव्य कोणत्याही दुकानात मिळत नाही. ते म्हणजे चीक. वासरू जन्मते तेव्हा रोगाशी लढण्याचे बळ त्याच्या रक्तात जवळजवळ नसतेच. ते त्याला चिकातून मिळते. आणि वासराचे आतडे हे बळ पहिल्या काही तासांतच चांगले शोषून घेते. पहिला दिवस उलटला की ते दार बंद होते. म्हणून जन्मल्यावर एक-दोन तासांच्या आत वासराला चीक पाजावा, आणि पहिल्या दिवसात त्याच्या वजनाच्या सुमारे दहावा हिस्सा चीक त्याच्या पोटात जावा, असे डॉक्टर सांगतात. परंतु पुष्कळ ठिकाणी जार पडेपर्यंत वासराला आचळाला लागू देत नाहीत. कोठे चीक घरात जातो, त्याचा खरवस होतो आणि शेजारीपाजारी वाटला जातो. पुढे आठ दिवसांनी वासराला हगवण लागली, म्हणजे आपण औषधाच्या दुकानाकडे धावतो.

खरवस खाऊ नये, असे आमचे म्हणणे नाही. पुष्कळदा वासराचे पोट भरूनही चीक उरतो. पण आधी कोणाचा वाटा, हा प्रश्न टाळता येत नाही. मळणीच्या बैलाच्या मुसक्याविषयीचा मोशेच्या नियमशास्त्रातील नियम आपल्या वाचकांना ठाऊकच आहे. पुढे पौलाने तो नियम कष्ट करणाऱ्या माणसांच्या हक्काला लावून दाखविला, म्हणून काहीजण समजतात की त्यात बैलाचे काही उरले नाही. परंतु नियम मुळात बैलाविषयीच दिला होता. बैलाचा वाटा मान्य केला म्हणूनच तो मजुराला लावता आला. वासराच्या वाट्याचेही तसेच आहे.

दुसरे उदाहरण टाकाऊ अन्नाचे. घरात ज्वारीला जाळी लागली, शेंगदाण्यावर हिरवी बुरशी आली, की आपण सहज म्हणतो, "जनावरांना घाला." आपल्याला नको ते त्यांना चालेल, हा हिशेब आपण किती सहज करतो! आणि तो हिशेब पुरा होत नाही. बुरशीचे ते विष गाईच्या पोटात बदलते व एक-दोन दिवसांत दुधात उतरते. दुधातील या विषाची मर्यादा कायद्याने किलोमागे अर्धा मायक्रोग्रॅम इतकी अल्प ठेवली आहे, यावरून त्याचा धोका ध्यानात यावा. जे मोठ्यांनी खाण्यास नाकारले, ते गाईच्या वाटेने फिरून घरातील सर्वांत लहान मुलाच्या पेल्यात येते.

आणि गावात, शहरात मोकळ्या फिरणाऱ्या गाईंचे काय? उष्टे अन्न प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून आपण रस्त्यावर टाकतो. गाय पिशवीसकट गिळते. ते प्लॅस्टिक कोठीपोटात साठत जाते, पचत नाही, बाहेर पडत नाही. शस्त्रक्रिया करून अशा गाईंच्या पोटातून किलोच्या किलो प्लॅस्टिक काढावे लागले आहे. पोट भरलेले दिसते आणि गाय उपाशी मरते. ज्याच्या घरी एकही जनावर नाही असा मनुष्यही रोज कोणत्या तरी जनावराला चारीत असतो, हे यावरून समजावे.

भार कोणी उचलावा?

येथे एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. "हे सर्व बोलणे ठीक, पण आमच्या लेकरांच्या पोटाचे काय? स्वच्छ जागा, चांगली पेंड, कमी पक्षी, याला पैसा लागतो." करारावर कोंबड्या वाढविणाऱ्या शेतकऱ्याची तर अडचण अधिकच. पिले कंपनीची, खाद्य कंपनीचे, औषध कंपनीचे; त्याचे असतात ते शेड, वीजबिल आणि कष्ट. खाद्यात काय आहे हे ठरविणे त्याच्या हाती नाही. अशा मनुष्यावर सर्व दोष लादून आपण बाजूला झालो, तर तो न्याय होणार नाही.

ज्याच्या हातात जितका निर्णय, तितकी त्याची जबाबदारी मोठी. खाद्य बनविणाऱ्याने आत काय आहे ते खरे लिहावे. दूध विकत घेणाऱ्या संघांनी नुसते फॅट मोजून न थांबता स्वच्छतेलाही दर द्यावा. आणि आपण विकत घेणारे? स्वस्तातले स्वस्त अंडे हवे, पण ते स्वस्त कसे झाले हे विचारावयाचे नाही, अशी आपली वृत्ती आहे. दोन रुपये अधिक देण्याची आपली तयारी नसेल, तर शेतकऱ्याला उपदेश करण्याचा आपला अधिकारही तितकाच कमी होतो.

"मी एकट्याने करून काय होणार?" असाही एक प्रश्न असतो. एका गोठ्याने जगातील औषधांची ताकद टिकणार नाही, हे खरे. परंतु आपल्या गव्हाणीत काय पडते हे आपल्याच हाती आहे, आणि जे आपल्या हाती आहे त्याचाच जाब आपल्याला द्यावयाचा आहे. शिवाय पुष्कळ गोष्टींना पैसा लागत नाही. वासराला वेळेवर चीक पाजणे, खुराक आठ-दहा दिवसांत हळूहळू बदलणे, पाण्याची टाकी घासणे, पेंडीची पोती ओल्या जमिनीपासून फळीवर उचलून ठेवणे, बुरशीचा दाणा निवडून पुरून टाकणे, यांना लक्ष लागते. लक्ष देणे ही गरिबालाही परवडणारी दया आहे. आणि हे सर्व करूनही एखादे पूरक द्रव्य डॉक्टरांच्या सल्ल्याने घातले, तर ते खऱ्या अर्थाने पूरक होईल.

संडे स्कूलच्या शिक्षकांसाठी

हा विषय मुलांच्या वर्गात घेता येण्यासारखा आहे. गावाकडच्या मुलांना तर शिक्षकापेक्षा अधिक माहिती असेल. ती त्यांच्याकडूनच काढून घ्यावी. पुढील प्रश्न उपयोगी पडतील:

१. तुमच्या घरी जनावर व्याले, तर चीक प्रथम कोणाला मिळतो? का?

२. आपण जे खाणार नाही ते जनावराला घालणे केव्हा योग्य व केव्हा अयोग्य? (भाजीची देठे, चुणी व कोंडा एका बाजूला, बुरशीचा दाणा दुसऱ्या बाजूला, अशी तुलना करावी.)

३. डब्यावर "नैसर्गिक" लिहिले आहे एवढ्यावरून ती वस्तू चांगली ठरते काय? मुलांनी निसर्गातील विषारी वस्तूंची नावे सांगावी.

४. ज्याला आपण कधी पाहणार नाही अशा माणसाचे आपल्या हातून नुकसान झाले, तर तो आपला दोष समजावा काय?

चौथ्या प्रश्नाचे उत्तर शिक्षकाने घाईने सांगू नये. मुलांना भांडू द्यावे. मोठ्या माणसांनाही त्याचे उत्तर अजून नीट देता आलेले नाही.

मुके जनावर आपल्याकडे तक्रार करीत नाही. त्याचे पोट दुखले तर ते रवंथ थांबविते, मान खाली घालते, दावणीत एका बाजूला उभे राहते. आणि ते ओळखावयास रोज कोणीतरी त्याच्याजवळ जावे लागते. जो मनुष्य जवळ जातो, शेणाकडे पाहतो, पाठीवर हात फिरवितो, पाणी चाखून पाहतो, त्याला कोणत्या पिशवीची गरज आहे व कोणत्या नाही हे बहुधा लवकर समजते. आज संध्याकाळी दावणीपाशी गेल्यावर एवढे तरी आपण करू या. आणि ज्यांना दावण नाही त्यांनी उष्ट्याची पिशवी टाकताना तिची गाठ सोडावी, अन्न निराळे व पिशवी निराळी करावी.